बायपासनंतर रुग्णाची साखर कोणाच्या ताब्यात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परिचारिका म्हणून माझी चौतीस वर्षं गेली. त्यांतली एकोणीस हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत, आधी मुंबईला आणि मग इथे नाशिकला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि या फेब्रुवारीत मी पहिल्यांदाच आयसीयूच्या काचेबाहेर, नातेवाइकांच्या बाकावर बसले. आत माझा थोरला भाऊ होता. तिथे जे पाहिलं ते वाचकांपर्यंत आणि शहरातल्या डॉक्टर-सिस्टरांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

दादा बासष्ट वर्षांचा. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे आणि सोळा वर्षांपासून त्याला शुगर आहे. जानेवारीच्या शेवटी छातीत भरून आलं, अँजिओग्राफी झाली, तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, पण पंधरा-वीस दिवस गोळ्यांवर थांबता येईल. खुडा ऐन भरात होता, व्यापारी बांधावर येऊन बसत होते, त्यामुळे दादालाही ते बरंच वाटलं. त्या पंधरा दिवसांत ईसीजी झाला, इको झाली, दात तपासले, रक्त गोळा करून ठेवलं. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी मात्र कुणी लिहून दिली नाही. मी आपणहून करून घेतली. ९.६ आली, म्हणजे बरीच जास्त. फाइलमध्ये लावली. ती कुणी पाहिली की नाही, मला आजही माहीत नाही.

त्याच्या रोजच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन होती. लघवीवाटे साखर बाहेर काढणारी ही गोळी आता गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळते आणि हृदयासाठी चांगलीही आहे. पण मोठ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवावी लागते. नाहीतर साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतानाही रक्तात आम्ल साचतं आणि मीटर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे मला ठाऊक होतं म्हणून मी डॉक्टरांना विचारून ती वेळेत बंद करवली. ज्याच्या घरात निवृत्त सिस्टर नाही त्याने काय करायचं?

ऑपरेशन उत्तम झालं. सर्जनांच्या हाताबद्दल मला काडीची तक्रार नाही, उलट आयुष्यभर ऋणी राहीन. पहिले दोन दिवस आयसीयूत इन्सुलिन सिरिंज पंपावर होतं, दर तासाला साखर पाहत होते, आकडे १५० ते १७५ च्या दरम्यान चालले होते. काचेतून मी ते पाहायचे आणि निश्चिंत व्हायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याला वॉर्डात हलवलं. पंप आयसीयूतच राहिला. वॉर्डाच्या फाइलवर ऑर्डर होती ती एवढीच: आरबीएस (म्हणजे त्या त्या वेळची साखर) दर सहा तासांनी, इन्सुलिन स्लायडिंग स्केलप्रमाणे.

शिरेतून जाणाऱ्या इन्सुलिनचा असर पंप काढल्यावर काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून पंप बंद करण्याच्या साधारण दोन तास आधी लांब पल्ल्याचं इन्सुलिन त्वचेखाली द्यायचं असतं, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरं कामाला लागलेलं असतं. दादाला ते इंजेक्शन मिळालंच नाही. आयसीयूला वाटलं वॉर्ड देईल, वॉर्डाला वाटलं आयसीयूने दिलं असेल. रात्री दहाला साखर २८६. आठ युनिट दिलं. त्यानंतर थेट सकाळी सहाला पाहिली तेव्हा ३११. रात्रभर त्याला तहान लागत होती, वहिनी चमच्याने पाणी पाजत होती.

मी रात्रपाळीच्या मुलीशी बोलले. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिच्याकडे चौदा रुग्ण होते. मी पूर्वी याच कामात होते हे कळल्यावर ती म्हणाली, “मॅडम, २८६ ला सरांना फोन लावला तर म्हणतात, एवढ्यासाठी उठवलं? आणि नाही लावला तर सकाळी राउंडला म्हणतात, का नाही उठवलं? मग मी स्केलवर आहे तेवढं देते आणि सही करते.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आला नाही. आपण तिच्या हातात दिलेलंच काही नाही.

स्लायडिंग स्केल म्हणजे काय ते वाचकांसाठी सांगते. साखर दीडशेच्या खाली असेल तर काही नाही, दोनशेच्या वर गेली तर चार युनिट, अडीचशेच्या वर आठ, असा कोष्टकवजा आदेश. दिसायला सोपा आहे, म्हणून वर्षानुवर्षं चालत आला. पण साखर चढून बसल्यावर तो जागा होतो, चढण्याआधी काहीच करत नाही. रुग्ण जेवणार आहे की नाही, त्याचं वजन किती, आधीचा डोस लागू पडला की वाया गेला, यातलं काहीही त्याला विचारता येत नाही.

आता दुसऱ्या दिवसाचं ऐका. ३११ पाहून सकाळी डोस वाढवला गेला. त्याच्या पुढच्या सकाळी साडेसातला इन्सुलिन दिलं. साधं, जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं ते. नाश्त्याची ट्रॉली त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. पावणेनऊला दादाच्या कपाळावर घाम फुटला, हात थरथरायला लागले, तो वहिनीला ओळखीचं नाव सोडून भलत्याच नावाने हाक मारू लागला. वहिनी म्हणाली, अशक्तपणा आला असेल, झोपू द्या. मी मानेला हात लावला तर गार आणि ओली. मीटरवर आकडा आला ५२. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ७९ झाली, तेव्हा कुठे तो मला म्हणाला, “अगं, तू कधी आलीस?” मी रात्रीपासून तिथेच होते.

किचनचा माणूस वाईट नव्हता, सिस्टर वाईट नव्हती. एकाचं घड्याळ तळमजल्यावर, दुसरीचं चौथ्या मजल्यावर, आणि दोघांची गाठ घालून देणारं कुणी नव्हतं. नाश्त्याचं ताट पलंगावर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन टोचायचं नाही, हा एक नियम पाळायला पैसे लागत नाहीत. मी ड्यूटीवर असताना आमच्या सिस्टर इन्चार्ज ताट बघितल्याशिवाय सिरिंज भरू देत नसत. तेव्हा मला ते फार जाचक वाटायचं.

आणखी एक प्रसंग, लहान आहे पण महत्त्वाचा. हंगाम असल्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण द्राक्षं घेऊन यायचा. थॉमसनच्या पेट्या, शरदचे घड, टेबलावर जागा उरली नव्हती. एका संध्याकाळी मीटरवर ३४० आला. सिस्टर इन्सुलिन भरायला वळली. मी विचारलं, दादा, हातात काय होतं? म्हणाला, आत्ताच चार मणी खाल्ले, भाच्याला निवडून दिले. मी त्याचे हात साबण-पाण्याने धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला: १९८. ती १४० ची तफावत बोटावरच्या द्राक्षरसाची होती. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने फळाची साखर नीट निघत नाही, हे सिस्टर मुलींना सांगायला हवं. ३४० च्या हिशेबाने इन्सुलिन गेलं असतं तर रात्री आणखी एकदा पन्नासच्या घरात उतरलो असतो. ऑपरेशननंतर बोटं गार पडलेली, सुजलेली असतात, रक्त पातळ झालेलं असतं, त्यामुळेही मीटर फसवतं. म्हणून आयसीयूत असेपर्यंत धमनीतल्या नळीचं रक्त घ्यावं आणि रक्तातले वायू मोजणाऱ्या गॅस मशीनवर साखर पाहावी.

दादाला नवव्या दिवशी घरी सोडलं. अकराव्या दिवशी छातीच्या जखमेच्या खालच्या टोकातून पाणी येऊ लागलं. पुन्हा भरती, जखम उघडून धुणं, शिरेतून प्रतिजैविकं, पुन्हा टाके. अठरा दिवस. जखम केवळ साखरेमुळेच चिघळली असं मी म्हणणार नाही. दादाचं वजन जास्त आहे, तीस वर्षं तंबाखू होती. पण चौतीस वर्षांच्या अनुभवाने एवढं नक्की सांगते, की तीनशेच्या साखरेत जखम भरायला बसवणं म्हणजे तिची परीक्षा पाहणं.

छाती उघडणं हे शरीरावरचं केवढं मोठं संकट असतं! अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल उसळतात, यकृत साखर सोडत राहतं, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही. रक्तदाब सावरायला अ‍ॅड्रिनलिनची ड्रिप लावली की साखर आणखी चढते. म्हणूनच ज्यांना जन्मात डायबेटिस नव्हता अशांचीही साखर बायपासनंतर दोनशेच्या वर गेलेली मी कितीदा पाहिली आहे. त्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूंना गिळण्याचं त्यांचं काम मंदावतं. साधारण १८० च्या पुढे साखर लघवीत उतरू लागते आणि बरोबर पाणी, क्षार घेऊन जाते. आणि हे सगळं चालू असताना छातीचं हाड मधोमध करवतीने कापून तारांनी बांधलेलं असतं. तिथे खोलवर जंतू शिरले तर रुग्ण जिवाला मुकू शकतो.

हे ज्ञान काल-परवाचं नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉ. अँथनी फर्नारी यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या सुमारे अडीच हजार मधुमेहींचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. ठरावीक वेळाने त्वचेखाली टोचण्याऐवजी शिरेतून सतत इन्सुलिन दिल्यावर छातीच्या हाडापर्यंत जाणारा जंतुसंसर्ग शंभरात २ वरून ०.८ वर आला होता. मग २००१ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन गावातल्या डॉ. ग्रीट व्हान डेन बर्ग यांचा अभ्यास आला. १,५४८ रुग्ण, बहुतेक हृदयशस्त्रक्रियेचे. साखर ८० ते ११० मध्ये घट्ट धरली तेव्हा आयसीयूतले मृत्यू शंभरात ८ वरून ४.६ वर उतरले.

तो काळ मला लख्ख आठवतो. तेव्हा मी मुंबईत होते. आमचे सर परिषदेहून आले आणि म्हणाले, आजपासून ११० च्या वर एकही आकडा दिसता कामा नये. आम्ही जिवाचं रान केलं. आणि पहाटे चारला, जेव्हा माणसाचे डोळे मिटतात तेव्हा, आकडे ४५, ३८ असे यायला लागले. भूल पूर्ण न उतरलेला रुग्ण घाम आलाय, चक्कर येतेय असं सांगू शकत नाही. मी एका रात्री तीन जणांना ग्लुकोजची सिरिंज ढकलली आहे. त्या रात्रीनंतर ड्यूटीवरून घरी जाताना पाय लटपटत होते.

२००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ६,१०४ रुग्णांचा. साखर ८१ ते १०८ मध्ये कोंबण्याचा प्रयत्न केलेल्या गटात नव्वद दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, आणि १८० पर्यंत राहू दिलेल्या गटात २४.९ टक्के. पहिल्या गटात साखर ४० किंवा त्याच्या खाली घसरण्याचं प्रमाण ६.८ टक्के, दुसऱ्यात अर्धा टक्का. आमची धावपळ थांबली, ते योग्यच झालं. पण माझ्या डोळ्यांदेखत एक चुकीचा अर्थही रुजला: साखर थोडी जास्त असलेली बरी, फार मागे लागू नका. त्या अभ्यासातला दुसरा गट मोकाट सोडलेला नव्हता हो! १८० च्या वर गेलं की त्यांनाही पंप लागत होता. आज अमेरिकन डायबेटिस असोसिएशन गंभीर रुग्णांसाठी १४० ते १८० सांगते, आणि साखर घसरू न देता जमत असेल तर काही निवडक हृदयरुग्णांत त्याहून थोडं खाली. २८६ आणि ५२ हे दोन्ही आकडे त्यात कुठेच बसत नाहीत.

मग करायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट सगळ्यांत आधी व्हायला हवी. इन्सुलिनचा लेखी तक्ता परिचारिकेच्या हातात द्या आणि त्याप्रमाणे पंपाचा वेग बदलायचा अधिकार तिला द्या, दर वेळी फोन न लावता.

आमच्याकडे असा तक्ता होता. एक साधा कागद. पहिला रकाना वेळ, दुसरा आत्ताची साखर, तिसरा मागच्या तासाची साखर, चौथा पंपाचा वेग, पाचवा पोटॅशियम, शेवटी सही. तिसरा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९० हा आकडा चांगला की वाईट, हे त्यावरून कळतं. तासापूर्वी २६० होती आणि आता १९० आहे, म्हणजे साखर झपाट्याने खाली येतेय, वेग कमी करा, नाहीतर दोन तासांत ती सत्तरच्याही खाली जाईल. तासापूर्वी १४० होती आणि आता १९० आहे, तर वेग वाढवा. त्याच आकड्याला दोन उलटी उत्तरं. स्लायडिंग स्केल दोघांनाही सारखंच इन्सुलिन देतं. पोटॅशियमचा रकाना यासाठी, की इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियमही पेशींत ओढून नेतं आणि ते घटलं की नुकतंच शिवलेलं हृदय ताल सोडतं. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं: ७० च्या खाली, पंप बंद, ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी तपासा, मग डॉक्टरांना कळवा. आधी ग्लुकोज, मग फोन, हा क्रम छापलेला असल्यामुळे नवी मुलगीही गोंधळत नसे.

आयसीयूतून वॉर्डात जाताना या कागदाबरोबर आणखी एक ओळ भरायची: लांब पल्ल्याचं इन्सुलिन किती वाजता दिलं, पंप किती वाजता बंद केला. दोन वेळांमध्ये अंतर नसेल तर ट्रॉली हलवायची नाही. दादाच्या बाबतीत ही एक ओळ असती तर!

डॉक्टर मंडळी म्हणतील, एवढ्या सिस्टर कुठे आहेत? खरं आहे. एका मुलीकडे रात्री चौदा रुग्ण देऊन तिच्याकडून कशाचीच अपेक्षा करता येत नाही, आणि तो प्रश्न व्यवस्थापनाने टाळू नये. पण हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाला वॉर्डात आल्यावर निदान पहिल्या रात्री दोन वाजता साखर तपासायची एक पट्टी वापरायला काय हरकत आहे? आणि परत भरती झाल्यावर दादाच्या अठरा दिवसांचं बिल मी भरलं आहे, त्यात किती पट्ट्या आल्या असत्या ते विचारू नका.

शिकवण्याचं म्हणाल, तर राज्यभरातल्या परिचारिकांना पदव्या देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. पंपावरचं इन्सुलिन, ताट आणि इंजेक्शनची वेळ, मीटर कधी फसवतं, एवढ्यावर दोन दिवसांचं प्रात्यक्षिक त्यांनी शहरातल्या रुग्णालयांना बरोबर घेऊन सुरू केलं, तर वर्षभरात फरक दिसेल असं मला मनापासून वाटतं.

ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलं आहे त्यांनाही दोन शब्द. तातडीचं असेल तर साखरेसाठी थांबू नका, डॉक्टर सांगतील तसं करा. पण वेळ असेल तर तीन महिन्यांची साखर किती आहे ते विचारा आणि जास्त असेल तर मधल्या दिवसांत ती खाली आणायला काय करायचं तेही विचारा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं पाठ करून सांगू नका. वॉर्डात रोज साखरेचे आकडे मागा आणि वहीत लिहा, कुणी रागावलं तरी. द्राक्षं, शहाळं, ज्यूस आणलात तर सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. पंधरा-सोळा मण्यांत साधारण पंधरा ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे मी दादाला शुद्धीवर आणायला पाजली तेवढी साखर. घरी सोडताना इन्सुलिनची बाटली चाळीसची की शंभरची, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये चाळीस युनिट की शंभर, ते वाचून घ्या. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या बाटलीची, केशरी टोपणाची शंभरच्या. शंभरची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरली तर अंगात पंचवीस युनिट जातं. ही चूक मी माझ्या नोकरीत चार वेळा पाहिली आहे.

रुग्णालयाचं नाव मी लिहिलेलं नाही, आणि कुणी विचारलं तरी सांगणार नाही. नाव छापलं तर बोट त्या चोवीस वर्षांच्या मुलीवर रोखलं जाईल. शिवाय माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने असंच इतरत्रही चालतं.

दादा आता बरा आहे. एप्रिलची खरड छाटणी त्याने बांधावर खुर्ची टाकून, छातीला पट्टा बांधून पाहिली, एकाही वेलीला हात लावता आला नाही. वहिनी रोज चार वेळा त्याची बोटं धुऊन साखर तपासते आणि आकडा मला फोनवर सांगते.

आमच्या जुन्या तक्त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. औषधांचे आकडे ज्या त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपल्या पद्धतीने तपासून घ्यावेत, ते त्यांचं काम आहे. पण तो भरायचा कसा, पहाटे चारला कसा वाचायचा, हे शिकवायला मी कुठल्याही रुग्णालयात, रात्रपाळी सुरू होताना, एक पैसा न घेता यायला तयार आहे. माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
इंदिरानगर, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)